वास : ठीक

जोतीतात्यांनी कॅनचं झाकण उचललं, नाक जरासं खाली नेलं आणि झाकण उलटं करून परत ठेवलं. दोन हमालांनी तो कॅन न बोलता रांगेतून ओढला आणि बाजूला नेऊन ठेवला.

"काय झालं?" मी विचारलं.

"म्हस कांद्याची पात खाऊन आलीया."

मी हसले. तात्या हसले नाहीत. तोवर त्यांनी पुढची तीन झाकणं उघडून मिटली होती. मी बाजूच्या कॅनपाशी गेले, झाकण काढलं, नाक जवळजवळ दुधाला लावलं. मला दुधाचा वास आला.

"सकाळी च्या घेतलासा न्हवं?" मागे न बघता ते म्हणाले. "मग कसा लागंल? दुपारी उपाशी या."

ही नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. भैरवलिंग तालुका दूध संघात मी रुजू होऊन तिसरा दिवस होता. माझ्या कार्डावर 'डिजिटल परिवर्तन प्रमुख' असं छापलं होतं, आणि धक्क्यावर मला 'कॉम्प्युटरच्या म्याडम' म्हणत. चौतीस वर्षांची होते. पुण्यात दोन कंपन्या कागदातून बाहेर काढल्या होत्या, आता सहकाराला बाहेर काढायला निघाले होते. डोक्यात भरपूर हवा होती, हे आज मान्य करायला मला काहीच जड जात नाही.

संघाच्या धक्क्यावर रोज पहाटेपासून सहाशे कॅन उतरत. प्रत्येक कॅनचा पहिला न्याय जोतीराम मदने करत, एकतीस वर्षं. झाकण सरळ, तर दूध टाकीत. झाकण उलटं, तर कॅन बाजूला. यावर अपील नव्हतं. एकदा अध्यक्षांच्या सख्ख्या भावाच्या कॅनचं झाकण त्यांनी उलटं ठेवलं होतं आणि अध्यक्षांनी भावालाच झापलं होतं, ही कथा मला पहिल्या आठवड्यात चार जणांनी सांगितली. तात्या तंबाखू खात नसत. कामावर येण्याआधी चहा नाही, कच्चा कांदा तर घरातसुद्धा नाही. सर्दी झाली की स्वतःहून रजा टाकत. रजेच्या अर्जावर कारण लिहीत, 'नाक बंद'.

मला ते आवडत. माझ्या नव्या यंत्रणेत फॅट मोजणारं यंत्र होतं, पाणी ओळखणारं यंत्र होतं, प्रत्येक कॅनला टॅग होता, पण वास मोजणारं काही नव्हतं. मग मी मुद्दाम एक जागा करून घेतली. तात्यांच्या उजव्या हाताशी एक टॅबलेट बसवला. त्यावर 'वास', आणि खाली दोन चौकोन : 'ठीक' आणि 'नाही'. ठीक दाबलं की कॅन पुढे सरकवणाऱ्या पट्ट्यावर हिरवा दिवा, नाही दाबलं की लाल. पुण्यातल्या एका परिषदेत मी ती स्क्रीन मोठी करून दाखवली, जुन्या माणसाच्या नाकालाही आम्ही मान दिला म्हणाले, आणि टाळ्या घेतल्या.

धक्क्यावर ती स्क्रीन दहा दिवसही धड चालली नाही. तात्यांचे हात कायम ओले. ओल्या बोटाला टॅबलेट दाद देईना. ते बोट धोतराला पुसत, दाबत, पुन्हा पुसत, पुन्हा दाबत. तेवढ्यात मागे गाड्यांची रांग फाटकाबाहेर जाई. एका सकाळी साडेदहापर्यंत गाड्या उभ्या राहिल्या आणि उन्हात अकरा कॅन नासले.

बाबर साहेब, आमचे कार्यकारी संचालक, स्वतः खाली आले. आवाज चढवायची त्यांना कधी गरज पडत नसे.

"केतकीताई, पुढच्या महिन्यात हीच यंत्रणा पाच शीतकरण केंद्रांवर न्यायचीय. मंत्रालयातली माणसं बघायला येणार आहेत. रांग हलली पाहिजे."

"साहेब, पडद्याचा प्रश्न आहे. दुसरे टॅबलेट मागवलेत, सहा आठवडे..."

"सहा आठवडे दूध थांबतं का? काहीतरी करा. कसं ते मला नका सांगू."

मी केलं. सॉफ्टवेअर कंपनीच्या माणसाला फोन लावला आणि सांगितलं, सात सेकंदांत कुणी काही दाबलं नाही तर 'ठीक' धरा. त्याने विचारलं, "नक्की? लेखी पाठवता?" मी दोन ओळींची मेल पाठवली. शंभरातले सत्त्याण्णव कॅन ठीकच असतात, असा माझा हिशेब होता. अर्ध्या तासात बदल झाला आणि रांग सुरळीत हलू लागली.

मग तात्यांकडे गेले. "तात्या, आता काही दाबलं नाही तरी चालेल. तुम्ही तुमचं काम करा."

त्यांचा चेहरा उजळला. "बरं झालं बगा. त्या पाटीपायी नाकावरचं ध्यान उडत हुतं."

सात सेकंदांनी त्यांच्या नावावर काय लिहिलं जातं, ते मी त्यांना सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नाही. सांगण्याची गरजच वाटली नाही, आणि ही गोष्ट मला लपवण्यापेक्षा वाईट वाटते.

तीन आठवडे सगळं छान चाललं. तात्या झाकणं उलटी करत, जुने हमाल ते कॅन बाजूला काढत, आणि पडदा त्या कॅननाही सात सेकंदांनी 'ठीक' म्हणून मोकळा होई. त्यामुळे पडद्यावर स्वीकारलेले कॅन रोज पंधरा-वीस जास्त आणि टाकीत कमी. मंत्रालयातल्या माणसांपुढे ही तफावत न्यायची कशी? कारण मला ठाऊक असायला हवं होतं. बदल मीच करून घेतला होता. पण मी ठरवलं, की हमाल दिव्याकडे बघत नाहीत, जुन्या सवयीने वागतात.

नवा हमाल ठेका सुरू झाला, बाहेरची माणसं आली. त्यांना मी स्वतः शिकवलं. पट्ट्याशी उभी राहून मोठ्याने म्हणाले, "दिवा बघायचा. माणसाकडे बघायचं नाही. हिरवा म्हणजे पुढे, लाल म्हणजे बाजूला. कुणी काहीही सांगो."

तात्या चार हातांवर उभे होते. यंत्रांच्या आवाजात त्यांना ते ऐकू गेलं नसावं.

त्यानंतरचा पाचवा दिवस, मंगळवार. तालुक्याच्या गावाजवळ मुलींची एक निवासी शाळा होती. तिथे रोज सहा कॅन दूध धक्क्यावरून थेट जीपने जाई. त्या दिवशी द्राक्षपट्ट्यातल्या एका गावाकडून आलेला एक कॅन असा होता, ज्यात आदल्या दिवशी कुणीतरी बागेच्या फवारणीचं औषध कालवलं होतं. धुतला होता, पण जितका धुवायला हवा तितका नाही. फॅट उत्तम, पाणी नाही, यंत्रं खूश. तात्यांनी झाकण उघडलं, लगेच उलटं ठेवलं आणि पुढच्या कॅनला गेले. त्यांच्या मते सांगायचं ते सांगून झालं होतं. सात सेकंदांनी हिरवा दिवा लागला. हमालांनी तिरकं बसलेलं झाकण सरळ करून ठोकून बसवलं आणि कॅन शाळेच्या जीपमध्ये चढवला.

नऊ वाजता सदतीस मुली ग्रामीण रुग्णालयात होत्या.

मी गेले होते. व्हरांड्यातसुद्धा गाद्या टाकल्या होत्या. एक मुलगी हातातली बादली सोडायला तयार नव्हती. तिसऱ्या दिवसापर्यंत सगळ्या घरी गेल्या, हे आधीच सांगते. पण त्या सकाळी ते कुणालाच माहीत नव्हतं.

संघात परत आले ती सरळ माझ्या खोलीत. फोन लावला. "ते सात सेकंदांचं काढून टाक. आत्ताच्या आत्ता. चौकोन रिकामा राहू दे." पुन्हा असं होऊ नये म्हणूनच मी तो काढला. त्या क्षणी माझ्या मनात दुसरं काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगू शकते. पण शपथेवर सांगायची वेळ आली तेव्हा मी जे केलं, ते वेगळंच.

सोमवारी चौकशी. समितीत तीन जण, प्रमुख थोरवे सर, निवृत्त प्राचार्य. माणूस सज्जन, प्रश्न सरळ. नवे हमाल मंगळवारी दुपारीच गाव सोडून गेले होते, ठेकेदाराने हात वर केले होते. राहिले तात्या, आणि मी काढून दिलेला छापील कागद.

थोरवे सरांनी तो वाचला. "मंगळवार, पहाटे पाच वाजून बावन्न मिनिटे. कॅन क्रमांक अमुक. तपासनीस, जोतीराम मदने. वास, ठीक." त्यांनी चष्मा काढला. "मदने, हे काय आहे?"

"त्ये माझं न्हाई, सर."

"नाव तर तुमचं आहे."

"नाव माझं हाय. पर मी ठीक म्हटलं न्हाई. मी झाकाण उलटं केलतं. औषधाचा वास हुता, ढळढळीत. पोरालाबी कळला असता."

"मग इथे ठीक कुणी लिहिलं?"

तात्या माझ्याकडे बघू लागले. रागाने नाही. बँकेत अर्ज भरायला अडलेला माणूस शेजारच्याकडे बघतो, तसे. "म्याडमास्नी ठावं आसंल. त्या म्हणाल्या हुत्या, काय न्हाई दाबलं तरी चालतंय."

तिघेही माझ्याकडे वळले. बाबर साहेब खिडकीशी बसले होते, ते वळले नाहीत. आदल्या दिवशी त्यांनी मला घरी बोलावून चहा पाजला होता. दोनच वाक्यं बोलले होते. "पोलीस अजून यंत्रणेकडे वळलेले नाहीत. माणसाची चूक निघाली तर खातं आपलं आपण निस्तरतं, यंत्रणेची निघाली तर तुम्ही आणि मी आत."

"असं म्हणाला होतात तुम्ही?" थोरवे सरांनी विचारलं.

एकच वाक्य होतं. हो, म्हणाले होते, आणि ते ठीक मी लिहिलं. शाळेत असताना पाठांतराच्या स्पर्धेत पानंच्या पानं म्हणायचे मी, आणि हे एवढंसं तोंडातून निघेना. तेव्हा भीती वाटली, नंतर कधीही वाटली नाही एवढी.

"प्रशिक्षणात प्रत्येक नोंद भरायची असंच सांगितलं होतं, सर," मी म्हणाले. "पुस्तिकेत पान नऊवर आहे. तात्यांचा समजण्यात काही घोटाळा झाला असेल."

तात्यांची मान किंचित पुढे आली. ऐकू आलं नाही तर माणूस करतो तशी.

थोरवे सर खरंच सज्जन होते. एकतीस वर्षांच्या माणसाला कागदावर बळी द्यायला ते तयार नव्हते. म्हणाले, "आपण धक्क्यावर जाऊन बघू. न दाबता ठीक उमटतं का, हे डोळ्यांनी बघू."

आम्ही सगळे खाली गेलो. धक्का धुवून कोरडा केला होता. तात्यांना त्यांच्या जागेवर उभं केलं. एक रिकामा कॅन पट्ट्यावर ठेवला. टॅबलेटवर 'वास' असं उमटलं, खाली दोन रिकामे चौकोन.

"कुणी हात लावू नका," थोरवे सर म्हणाले आणि त्यांनी मनगटावरचं घड्याळ डोळ्यांपुढे धरलं.

मी सेकंद मोजत होते. पाच. सहा. सात. आठ. चौकोन रिकामेच. तात्या पडद्यावर नजर लावून होते, त्यांचे ओठ हलत होते. वीस. तीस. खाली लाल अक्षरं लुकलुकू लागली, 'कृपया वास निवडा'. एक पूर्ण मिनिट आम्ही सहा माणसं त्या टॅबलेटकडे बघत उभी होतो. सांगायला मला एक मिनिट मिळालं होतं. पूर्ण साठ सेकंद.

थोरवे सरांनी हात खाली घेतला. त्यांनाही वाईट वाटलं होतं. "मदने, हे आपोआप लिहीत नाही हो."

तात्यांनी टॅबलेटला हळूच बोट लावलं. कोरडं बोट होतं. 'ठीक' पटकन उमटलं. हिरवा दिवा लागला. त्यांनी बोट मागे घेतलं, त्या बोटाकडे बघितलं, मग नाकाखालून हात फिरवला.

"मग मीच दाबलं आसंल," ते म्हणाले.

"तात्या..." माझ्या तोंडून निघालं.

"न्हाई म्याडम, बरूबर हाय. मशीनला माझ्याशी काय वैर? माझंच चुकलं आसंल." मग ते थोरवे सरांकडे वळले. "वास आला आसं मला वाटतंय सर, पर आता नक्की सांगवंना. आला हुता का न्हाई. वय झालं." आणि शेवटी माझ्याकडे. "तुमच्यावर उगाच आळ घेतला. मनात ठिवू नका."

निवृत्तीला चार महिने राहिले होते. तात्यांना त्याच आठवड्यात कमी केलं. थोरवे सरांच्या शब्दाखातर पोलिसांत नाव गेलं नाही. फाटकातून जाताना त्यांनी सोबत काही नेलं नाही, न्यायला काही नव्हतंच. त्यांचं सामान त्यांच्या चेहऱ्यावर होतं. पाच केंद्रांवर यंत्रणा वेळेत गेली. संघाला पारितोषिक मिळालं, ते घ्यायला व्यासपीठावर बाबर साहेबांनी मलाच पाठवलं.

दोन वर्षांनी मी ती नोकरी सोडली. आणि त्यानंतर एका रविवारी, जी मेल मी सॉफ्टवेअरवाल्याला पाठवली होती तिची प्रत आणि संघाच्या नावे लिहिलेलं सही केलेलं पत्र घेऊन तात्यांच्या गावी गेले. पत्रात सगळं होतं. सात सेकंद, फोन, पान नऊ, ते मिनिट. मी ठरवलं होतं, की आधी त्यांच्या हातात देईन, मग संघाला देईन, मग व्हायचं ते होवो.

तात्या अंगणात बाजेवर होते. मला बघून गडबडीने उठले, डोक्याला टोपी शोधू लागले. "म्याडम! आगं ए, बग कोण आलंय!" त्यांच्या बायको हौसाबाई बाहेर आल्या, पाणी दिलं, चहा टाकला. चहात घालायच्या आधी त्यांनी दुधाच्या पातेल्याला नाक लावलं. मग तात्यांकडे बघून मान हलवली.

"तीच बगती आता," तात्या म्हणाले. "मला इश्वास न्हाई. मागच्या साली गावातल्या डेरीवाल्यानं बोलावलं हुतं, जरा बगा म्हणून. मी न्हाई गेलो. एकदा पोरींच्या जीवावर आलं, पुना नगं." मग म्हणाले, "त्या पोरी दिसत्यात कवाकवा. झोपलो की."

मी सांगितलं. सगळं, सुरुवातीपासून. मध्ये रडू आलं, थांबले, पुन्हा सांगितलं. तुम्ही दाबलं नव्हतं तात्या, मी लिहिलं होतं. तुमचं नाक बरोबर होतं. तुम्ही झाकण उलटं केलं होतं.

तात्या शांतपणे ऐकत होते, मधून मधून 'व्हय, व्हय' करत. मी पत्र पुढे केलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, उघडलं, सहीवरून बोट फिरवलं आणि घडी घालून माझ्या हातात परत दिलं.

"आसं काय लिवून देऊ नका. तुमचं लेकरूबाळ हाय. माझ्यापायी तुमच्यावर बालंट कशापायी?"

"तात्या, हे खरं आहे. खरंच असं झालं होतं."

"आमी डोळ्यानं बगितलं न्हवं का म्याडम? एक मिंट उभं हुतो. आपसूक उमटलं न्हाई." ते हसले. किती मायेने हसले, ते मला लिहिता यायचं नाही. "तुमास्नी वाईट वाटतंय, मला कळतंय. लई माणसं वरवर बोलत्यात, तुमी पार घरापत्तूर आलासा."

मी अजून तासभर बसले. मेलची प्रत दाखवली. तारीख दाखवली. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, हौसाबाईंनाही नाही. मी वाचून अर्थ सांगितला, तर त्यांनी तो एखाद्याने समजूत काढताना आपण ऐकून घेतो तसा ऐकून घेतला. मी जितकं जास्त बोलत गेले, तितके ते माझंच सांत्वन करत गेले. ते पत्र मी संघाला दिलं नाही. त्यांनी नको म्हटलं म्हणून, असं मी स्वतःला सांगत आले, पण ते खरं नाही. त्यांचा नकार मला सोयीचा होता.

निघाले तेव्हा तात्या रस्त्यापर्यंत सोडायला आले. समोरून एक शेजारी सायकल हातात धरून येत होता. तात्यांनी त्याला थांबवलं आणि माझ्याकडे हात केला.

"ह्या आमच्या म्याडम, संघातल्या," ते अभिमानाने म्हणाले. "मला बरं वाटावं म्हणून पुण्यावरनं खोटं बोलाया आल्यात."

शेजाऱ्याने सायकल कुंपणाला टेकवली आणि मला वाकून नमस्कार केला.